पौर्णिमा स्वतःला का मारून घेते

शनिवार, ८ फेब्रुवारी. दुपार.
ठिकाण: मीरा रोड, बेव्हर्ली पार्क. पहिल्या मजल्यावरचं केंद्र, आतली खोली.
काचेपलीकडे: पौर्णिमा, माझी धाकटी बहीण, वय चौतीस. ग्रेसी मॅडम, तिची तपासणी करणाऱ्या. एक नर्स.
काचेअलीकडे: आई आणि मी.
येणार होता पण आला नाही: मिलिंद, आमचा भाऊ.

मी भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. कुठला माल कुठल्या टेम्पोत चढला आणि तेव्हा तिथे कोण उभं होतं, हे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून आधी हजेरी.

पौर्णिमा बोलत नाही. तिला ऑटिझम आहे, समजही लहान मुलाएवढी आहे. गेली दोन वर्षं ती तळहाताने स्वतःच्या कपाळावर आणि डोळ्यांच्या बाजूला मारून घेत होती. हळू नाही, शेजारच्या खोलीत आवाज जाईल असं. ती असं का करते हे त्या शनिवारी कळलं. ज्यांच्या घरात असं कुणी आहे, त्यांच्यासाठी लिहितेय. ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचावं, म्हणजे वरच्या मजल्यावरून आवाज आला की "मारतात वाटतं तिला" असं जिन्यात कुणी म्हणणार नाही.

चहाचा कप

पावसाळा संपता संपता आईच्या लक्षात आलं की उजवीकडून चहाचा कप पुढे केला तर पौर्णिमा घेत नाही. आईला वाटलं, रागावलीय. मी तोच कप डावीकडून दिला. तिने घेतला, पण हात कपाच्या थोडा अलीकडे बंद झाला आणि चहा सांडला. दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली.

डोळ्यांचे डॉक्टर तरुण होते, घाईत होते आणि हिंदीत बोलत होते. उजव्या डोळ्याचा आतला पडदा केव्हाच सुटलाय, त्याला आता उपाय नाही. डाव्या डोळ्यात मार लागून लागून मोतीबिंदू झालाय. तो काढता येईल, दिसायला लागेल. पण ऑपरेशननंतर तिने एकदा जरी असं मारून घेतलं तर तो डोळाही जाईल. "पहले ये बंद करवाइए," ते म्हणाले, जसं काही नळाचं वॉशर बदलायचंय. कसं बंद करू, मी विचारलं. ते माझं काम नाही, असं त्यांनी सांगितलं. उद्धटपणे नाही, खरंच नव्हतं ते त्यांचं काम.

परतताना केबिन रोडच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे हिला आता डावीकडचंच काय ते दिसतं?"

"हो."

"मग डावीकडे बसत जाऊ."

आणि तिथल्या तिथे पौर्णिमाला सरकवून ती डावीकडे आली. तेव्हापासून आई पौर्णिमाच्या उजवीकडे बसलेली मी पाहिली नाही.

मिलिंदचं म्हणणं

मिलिंद आमच्यात मधला. बँकेच्या कर्जविभागात आहे, मीरा रोडलाच राहतो. तो रविवारी आला, चहा पिऊन झाला तरी बसून राहिला. मग मोबाइलवर एका निवासी संस्थेचे फोटो दाखवले. हिरवळ, रंगीत भिंती, ओळीने पलंग.

मी विचारलं, तिथली माणसं वेगळं काय करणार? तो जमिनीकडे बघत म्हणाला, "हात बांधतात, ताई. थोडे दिवस. निदान डोळा तरी राहील."

आई आत गेली आणि भांडी घासायला लागली. ती घासलेलीच भांडी होती.

मला त्याचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं. पण त्याच्याकडे उत्तर होतं आणि माझ्याकडे नव्हतं. शेवटी असं ठरलं, मार्च संपेपर्यंत वाट बघायची. तोवर मारणं थांबलं नाही तर संस्था. मिलिंद निघताना म्हणाला, "लिस्ट कर ना तू. तू तर श्वास पण लिस्ट करून घेतेस." हसवायला म्हणाला. कुणी हसलं नाही.

आधी दुखणं शोधा

लिस्ट केलीच. इतरांच्या उपयोगाची आहे म्हणून थोडक्यात सांगते. न बोलणारं माणूस मारून घेतं तेव्हा आधी दुखतंय का ते बघायचं. कान, दात, पोट, पाळीचं दुखणं, डोकेदुखी. आमच्याकडे एक दाढ किडलेली निघाली. ती काढल्यावर चार दिवस बरे गेले आणि शेजारी पेढे वाटणंच काय ते बाकी होतं. पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी ती दिवसभर पेंगायची, लाळ गळायची, आणि पेंगतानाही हात उठायचाच. डोस कमी केला. क्रिकेटचं हेल्मेट आणलं, तर ती हनुवटीवर मारायला लागली.

मग मनोविकारतज्ज्ञांनीच बेव्हर्ली पार्कच्या केंद्राचं नाव दिलं. म्हणाले, तिथे मारण्याचं कारण तपासतात. मी म्हटलं, रक्तातून? ते म्हणाले, नाही. करून बघतात.

करून बघणं म्हणजे काय

ग्रेसी मॅडम पंचेचाळिशीच्या, उत्तनकडच्या. राहायला तारोडी. केंद्रात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या. फोनवर त्यांच्या आईशी बोलताना मात्र "न्हाय गो, जेवलीय मी" असं काहीतरी कानावर यायचं आणि मला उगाच धीर यायचा.

त्यांनी समजावलं ते असं. मारून घेणं हे नुसतं मारणं नसतं, बऱ्याचदा ते मागणं असतं. कुणी जवळ यावं म्हणून. कुणी सांगितलेलं काम टळावं म्हणून. काढून घेतलेली वस्तू परत मिळावी म्हणून. कुणाकुणाला कुणाकडूनच काही नको असतं, त्या माराचीच शरीराला सवय झालेली असते. बाहेरून चारही सारखी दिसतात, पण उपाय चारही वेगळे. एकाला जे औषध, ते दुसऱ्याला विष. म्हणून अंदाज करायचा नाही. प्रत्येक प्रसंग छोट्या वेळापुरता मुद्दाम उभा करायचा आणि कशात हात जास्त उठतो ते मोजायचं.

"म्हणजे तिला मुद्दाम मारून घ्यायला लावणार?" आईने विचारलं.

"हो," ग्रेसी मॅडम म्हणाल्या. त्यांनी शब्द मऊ केला नाही, हे मला आवडलं. मग काळजी काय घेणार ते सांगितलं. भिंतींना आणि जमिनीला जाड गाद्या. नर्स सतत आत. हात आणि डोळा यांच्यामध्ये धरायला उशी. ठरवलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की त्याच क्षणी बंद. आणि काचेअलीकडून मी हात वर केला तरी बंद, कारण विचारणार नाहीत.

शेवटी त्यांनी विचारलं, ती मारते तेव्हा घरी तुम्ही काय करता?

"काही नाही," आई आणि मी एकदमच म्हणालो. "लक्षच देत नाही." आधीच्या एका थेरपीवाल्या ताईंनी तसं सांगितलं होतं आणि आम्ही ते काटेकोर पाळत होतो. मला त्याचा अभिमानसुद्धा होता.

काचेअलीकडे

पहिल्या शनिवारी मी सगळं बिघडवलं. पौर्णिमाला एकाच गोष्टीची आवड आहे, वाट्या एकात एक बसवायच्या. कारखान्यातल्या पोचे आलेल्या वाट्या मी तिला आणून देते. ग्रेसी मॅडमनी तिला थोडा वेळ खेळू दिलं आणि मग वाट्या हळूच काढून घेतल्या. पौर्णिमाचा हात छातीपर्यंत आला. नुसता आला. माझा हात वर गेला होता.

सगळं थांबलं. ग्रेसी मॅडम बाहेर आल्या, पाणी प्यायल्या, म्हणाल्या, पुन्हा करू. आई म्हणाली, "तू बाहेर जाऊन बस. तुझे पाय बघ कसे हलतायत, बाकडं हलतंय." मी बाहेर गेले. जिन्यातल्या कुंड्या सरळ केल्या. सूचनाफलकावरचे कागद एका रेषेत टाचले. परत आले.

बघत बसणं हे काम मला जमत नाही. कारखान्यात टेम्पो अडला तर मी जाऊन ढकलते. इथे ढकलायला काही नव्हतं. माझी बहीण गाद्यांच्या खोलीत, एक शहाणी बाई तिच्याकडे मुद्दाम पाठ करून मासिक चाळतेय, आणि आम्ही वाट बघतोय की ती स्वतःला कधी मारते. आणि तिने मारलं नाही तर निराश होतोय. हे निराश होणं मला फार लागलं. मी ते आईला बोलले नाही. आईही मला बोलली नाही, पण तिसऱ्या शनिवारी ती पुटपुटली, "आज का नाही मारत गं ही?" आणि लगेच तोंडावर पदर धरला.

सपाट

मारत नव्हतीच. म्हणजे एखाद-दुसरी चापट, पण कशातच जास्त नाही, कशातच कमी नाही. काम सांगितलं, एखादी. एकटी ठेवली, एखादी. पाठ केली, मग मारल्यावर ग्रेसी मॅडमनी जवळ जाऊन "असं नाही करायचं पौर्णिमा" म्हटलं, तर ती त्यांच्या कानातल्याकडे बघत बसली. ग्रेसी मॅडमनी आलेख दाखवला. भाईंदरच्या मिठागरासारखा सपाट.

आणि घरी रोज संध्याकाळी तेच. डाव्या भुवईवर सूज.

मिलिंद एकदाच आला होता केंद्रात. काचेतून बघितलं, खाली गेला, परत वर आला नाही. नंतर फोनवर म्हणाला, "ताई, ती तिथे शांत राहते याचा अर्थ काय? आपलं घरच तिला सोसत नाही. संस्थेत कदाचित बरी राहील."  

वातानुकूलन बंद होतं

आता ८ फेब्रुवारी. त्या दिवशी केंद्राचा एसी बिघडला होता, म्हणून खोलीचं दार किलकिलं ठेवलं होतं. एरवी आमचा आवाज आत जात नसे.

ग्रेसी मॅडम पाठ करून बसल्या. पौर्णिमाने वाट्या बाजूला सारल्या, दाराच्या फटीकडे बघितलं आणि कपाळावर मारलं. एकच, पण जोरात. फटीतून आवाज थेट आमच्या अंगावर आला. आईचे डोळे मिटले, हात जुळले आणि तिने त्रिशरण सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि". पुढच्या ओळीला मी तिच्या सुरात मिसळले होते. ठरवून नाही. शिंक आली की हात तोंडाकडे जातो, तसं.

पौर्णिमा उठली. दाराशी येऊन फटीजवळ मांडी घालून बसली. हात मांडीवर. शेवटी आम्ही "साधु, साधु, साधु" म्हटलं तेव्हा आतून तिचा आवाज आला, "धू." तिला येणारा हा एवढाच शब्द आहे.

ग्रेसी मॅडमनी आम्हाला मध्ये थांबवलं नव्हतं. त्या बाहेर आल्या.

"हे काय होतं?"

"वंदना," आई म्हणाली.

"घरीही करता?"

"करतो ना."

"कधी?"

"ती मारायला लागली की."

"पण तुम्ही तर म्हणालात, काहीच करत नाही."

"हो," आई म्हणाली, "काही नाही करत. वंदना करतो."

मला अजूनही त्या वाक्यात चूक सापडत नाही. आमच्यासाठी ते काही करणं नव्हतंच. लक्ष देणं म्हणजे ओरडणं, हात धरणं, समजावणं. ते आम्ही सोडलं होतं. वंदना ही घराची हवा. हवेला कुणी उपाय म्हणतं का?

मला वाटलं ग्रेसी मॅडम रागावतील. त्या बाकड्यावर आमच्याजवळ बसल्या. "तारोडीला आमच्याकडे संध्याकाळी रोझरी असते, माळेवरची प्रार्थना," त्या म्हणाल्या. "आम्ही भावंडं भांडायला लागलो की आई रोझरी काढायची. सगळे गुडघ्यावर. आईला विचाराल तर अजून सांगेल, मी पोरांना कधी काय बोलले न्हाय."

पांढरी साडी

त्यांनी पुढच्या शनिवारी काय करायचं ते सांगितलं. आई आणि मी खोलीत बसणार, घरच्यासारख्या आपापल्या कामात. तिने मारलं की दोघींनी शेजारी बसून छोटी वंदना करायची. संपली की पुन्हा कामाला लागायचं. हात उठणं वाढतं का ते बघायचं.

आईने स्पष्ट नाही म्हटलं. वंदना काय तपासायला न्यायची गोष्ट आहे? तिने मारावं म्हणून वंदना करायची? ग्रेसी मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "वंदना तपासत नाही मी, आई. पौर्णिमाला त्यातलं काय हवंय ते बघतेय. तुम्ही ठरवा."

त्या आठवड्यात मी दोनदा विषय काढला आणि दोनदा कोथिंबीर निवडायला मिळाली. शनिवारी सकाळी बघते तर ती पांढरी साडी नेसून तयार. पौर्णिमेला आणि जयंतीला नेसते ती. मी बघत राहिले तर म्हणाली, "करायचीच तर नीट करायची."

त्या दिवशी खोलीत मी फोनवर टेम्पोवाल्याशी खरंच बोलत होते, आई घेवडा मोडत होती. पौर्णिमाने आमच्याकडे बघितलं. मारलं. ग्रेसी मॅडमची उशी मध्ये आली. आम्ही बसलो, वंदना केली, "धू" झालं, उठलो. मी फोन कानाला लावते न लावते तोच पुन्हा. बसलो. उठलो. पुन्हा. आलेख बघायची गरज नव्हती. ती मारून आम्हाला बसवत होती, आणि आम्ही दोन वर्षं प्रत्येक वेळी बसत होतो.

माझा हात मांडीखाली दाबून ठेवला होता, वर जाऊ नये म्हणून.

मग एकेक गोष्ट सुटी करून बघितली. फोनवर वंदना लावली, आम्ही कामात राहिलो. मारणं चालूच. आई एकटी बसली. मारणं कमी झालं, पण हात अर्धा वर, आणि दुसऱ्या हाताने माझी ओढणी ओढत राहिली. दोघी बसलो, दोघींनी म्हटलं. हात खाली.

तिला दोन माणसं लागत होती. बसलेली, एकाच सुरात.

आई

त्या दिवशी घरी येऊन आईने साडीची घडी घातली, कपाटात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

"म्हणजे मी शिकवलं तिला," ती म्हणाली. "डोळा माझ्यामुळे गेला."

मी नाही म्हटलं, पण माझ्या नाही म्हणण्याला काय किंमत. ग्रेसी मॅडमना फोन लावून आईच्या हातात दिला. बराच वेळ आई नुसती ऐकत होती. नंतर तिने मला सांगितलं ते एवढंच: "ती म्हणाली, मुलगी मागत होती, तुम्ही दिलंत. न देणारी घरं पण ती बघते म्हणाली. फक्त मागायची रीत बदलायची."

रात्रीच्या भाकऱ्या थापताना आईलाच आठवलं. बाबा होते तोवर रोज दिवेलागणीला वंदना व्हायची. बाबा पुढे, आम्ही ओळीने, पौर्णिमा त्यांच्या गुडघ्याला टेकून. टीव्ही बंद, मिक्सर बंद. बाबा गेले, माझी ड्यूटी लांबली, आईचे गुडघे धरले, आणि रोजची वंदना पौर्णिमेपौर्णिमेची झाली. पौर्णिमाने मारून घ्यायला सुरुवात केली ती त्यानंतरच्याच महिन्यांत. आई घाबरली आणि दुसरं काही सुचेना म्हणून वंदना म्हणायला लागली. पौर्णिमा शांत झाली. मग कुणी बंद करेल?

"यांची जागा मागत होती ती," आई म्हणाली, आणि भाकरी तव्यावर करपली.

धू

उपाय सांगायला सोपा आहे. मारल्यावर वंदना नाही. मारायच्या आधी आहे, मागितली की आहे. मागायला चित्राचं कार्ड दिलं, तर तिने ते वाटीत घातलं. ग्रेसी मॅडम म्हणाल्या, हिच्याकडे शब्द आहे ना, तोच वापरू. ती "धू" म्हणाली की काहीही चालू असो, दोघींनी खाली बसायचं. नुसतं त्रिशरण पुरे. मारलं तर उशी धरायची, तोंडाने काही नाही, हात शांत झाला की तिला "धू" म्हणायला लावायचं आणि मग बसायचं.

करायला सोपा नाही. पहिले काही दिवस मारणं वाढलं. तसं होतं हे आधीच सांगून ठेवलं होतं, तरी मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. मग एका सकाळी, मी डबा भरत होते, ओट्यामागून आवाज आला, "धू." हात खाली. मी पोळी हातात घेऊन तशीच फरशीवर बसले. आई आंघोळीहून ओल्या केसांनी येऊन बसली.

त्यानंतर "धू"चा पाऊस. कुकरच्या शिट्टीला धू. दार वाजलं धू. मी चप्पल घातली की हमखास धू. खालच्या हंसाबेननी जिन्यात विचारलं, "रोज क्या प्रोग्राम होता है आपके घर में?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात असताना त्या वर आल्या आणि आईशेजारी बसल्या. आई त्रिशरण म्हणत होती, त्या त्यांची माळ ओढत काहीतरी पुटपुटत होत्या. पौर्णिमाला चाललं. संध्याकाळी आई मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा बरी बसते ती. मध्ये घड्याळ बघत नाही."

टोमणा बरोबर होता. या सगळ्यात खरं औषध घ्यायचं होतं ते मला. बसणं. आता हे लिहितानाही मी दोनदा उठलेय, एकदा दूध बघायला आणि एकदा उगाच.

हळूहळू "थांब" शिकवलं. म्हणजे धू म्हटलं की लगेच नाही, डाळीला फोडणी देऊन मग. ती ओट्याजवळ उभी राहते, हात पाठीमागे घेऊन, बाबा उभे राहायचे तशी. आता मारणं पूर्ण गेलंय असं नाही. ताप आला, पाहुणे आले, की एखाद वेळ. पण भुवईवरची सूज उतरलीय आणि तिथे साधी भुवई आहे हे आम्ही विसरलोच होतो.

मिलिंद परवा आला. फोटो दाखवले नाहीत. पौर्णिमाने "धू" म्हटलं तेव्हा तो सोफ्यावर होता, उठून बाल्कनीत जायला निघाला. आई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "डावीकडे बस. उजवीकडचं दिसत नाही तिला." तो बसला. वर्षानुवर्षं म्हटलं नव्हतं, तिसऱ्या ओळीला अडखळला. पौर्णिमाने त्याच्याकडे वळून बघितलं नाही. उठलीही नाही.

संस्थेचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

ऑपरेशनची तयारी

डोळ्यांच्या डॉक्टरांना ग्रेसी मॅडमनी पत्र दिलं, डॉक्टरांनी तारीख दिली. येत्या गुरुवारी. पूर्ण भूल देऊन करणार.

रक्ततपासणी झाली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना भेटलो. डोळ्यावर लावायचं कडक कवच आणलं आणि रोज थोडा वेळ लावून सवय केली. हातात उशीसारखे मऊ मोजे, बांधायचे नाहीत, फक्त घालायचे. वाट्या धुऊन पिशवीत. माझी रजा मंजूर. हंसाबेन घरी दूधवाल्याला बघणार. मिलिंदने रिक्षा नको, गाडी आणतो म्हणून सांगितलंय.

एकच बाकी आहे. खालच्या काउंटरवर विचारलं तर म्हणाले, रिकव्हरी रूममध्ये एकच नातेवाईक. मी समजावलं, त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं. शुद्धीवर येईल तेव्हा तिच्या डाव्या डोळ्यावर पट्टी असेल, उजव्याला तसंही काही नाही. कोण कुठे बसलंय ते तिला दिसणार नाही. दोन आवाज ऐकू यायला हवेत. एकाने पुरत नाही, हे आम्ही करून बघितलंय.

दोघांना आत सोडाल का, हे डॉक्टरांना विचारायचं अजून राहिलंय.